हेडलाइट बदलताना : जोडणी, फोकस आणि कायदा

- प्रतिनिधी

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता असो वा पुण्यातील नाना पेठ, मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात हेडलाइटचे जादा क्षमतेचे बल्ब, एलईडी संच आणि संपूर्ण नवे दिवे सहज मिळतात. अनेक ठिकाणी दुकानाबाहेरच, मोटार रस्त्याच्या कडेला उभी असताना, ते बसवूनही दिले जातात. दिवा लागला, झगझगीत दिसला आणि मालकाचे समाधान झाले, की काम संपले असे मानले जाते. प्रत्यक्षात तेथे काम निम्मेच झालेले असते. त्या दिव्याला योग्य जाडीच्या वायरमधून वीज मिळते किंवा नाही आणि त्याचा झोत नेमका कोठे पडतो, हे दोन प्रश्न अनुत्तरितच राहतात. पहिल्याकडे दुर्लक्ष झाल्यास वायरिंग वितळून बॉनेटखाली आग लागण्याचा धोका असतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत बहुधा समोरून येणाऱ्याला मोजावी लागते.

प्रखर झोत डोळ्यांवर आल्यावर दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे डोळे सावरण्यास तीन सेकंद लागले, तर समोरचा चालक तब्बल ५० मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापतो. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर किंवा घाटातील वळणावर एवढे अंतर जीवघेणे ठरू शकते. म्हणूनच हेडलाइट बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी या विषयाची थोडी ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

आधी निदान, मग खरेदी

'गाडीला उजेडच पडत नाही' ही तक्रार सर्रास ऐकू येते. मात्र दर वेळी दोष बल्बचाच असतो असे नाही. पैसे खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे दिव्याची काच. आधुनिक मोटारींच्या हेडलाइटवरील आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते. उन्हाने ते कालांतराने पिवळट व धुरकट होते. अशा आवरणातून जाणारा प्रकाश कमी होतोच, शिवाय तो इतस्ततः विखुरतो. पॉलिश करून वर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर दिल्यास बराच फरक पडतो. आतील परावर्तकाचा चकचकीत मुलामा उडाला असेल, तर मात्र दिवा बदलण्यावाचून पर्याय नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बल्बपर्यंत पोहोचणारा दाब. इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणपणे १३.५ ते १४.४ व्होल्ट दाब असतो. दिवे लावलेले असताना मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी बल्बच्या विजेच्या टोकाला लावावी. मीटरवर जो आकडा दिसेल, तेवढा दाब वाटेतच वाया जातो आहे असे समजावे. हीच चाचणी बल्बचे अर्थचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्येही करावी. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा बरीच जास्त घट आढळली, तर दोष बल्बमध्ये नसून वायरिंगमध्ये आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे फोकस. दिव्याची दिशा खाली झुकलेली असेल, तर उत्तम बल्बचा प्रकाशही बंपरसमोरच्या रस्त्यावरच सांडतो. ही दुरुस्ती स्क्रू ड्रायव्हरच्या काही फेऱ्यांत होते आणि तिला नव्या सुट्या भागाची गरज नसते.

बल्बच्या आत काय असते?

मोटारींसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, युरोपात १९६२ मध्ये आला. एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला एच-४ हा प्रकार १९७१ मध्ये आला आणि भारतीय मोटारींमध्ये तो पुढे सर्वाधिक परिचयाचा झाला. त्याची प्रमाणित क्षमता ६०/५५ वॅट असते. अपर झोतासाठी ६० वॅटची आणि डिपर झोतासाठी ५५ वॅटची तार, अशी ही विभागणी आहे.

डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. या वाटीमुळे तारेचा प्रकाश परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडत नाही. तो केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून रस्त्याच्या दिशेने खाली वळतो. त्यामुळेच डिपर झोताला वरच्या बाजूस स्पष्ट अशी कड मिळते. त्या कडेच्या वर अंधार आणि खाली उजेड असतो. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने ही कड डाव्या बाजूस तिरकी वर चढते. पादचारी, मैलाचे दगड आणि फलक दिसावेत, पण उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये, असा त्यामागील हेतू आहे.

हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासण्याची किंवा मध्यभागी काळा ठिपका चिकटवण्याची पद्धत आपल्या शहरांत वर्षानुवर्षे होती. जुन्या बनावटीच्या दिव्यांपुरता तो ढोबळ उपाय म्हणता येईल. परंतु एच-४ दिव्यात डिपरचा प्रकाश बव्हंशी वरच्याच भागातून बाहेर पडतो. तो भाग झाकल्यास डिपरचा उपयुक्त उजेड नाहीसा होतो, आणि उजेड कमी पडतो म्हणून चालक अपर लावून ठेवतो. उपाय करायला जावे आणि अपाय व्हावा, असा हा प्रकार आहे.

संपूर्ण दिवा नवा घेताना त्यावरील खुणा पाहाव्यात. युरोपीय मानकांनुसार मंजूर झालेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर व त्यापुढे आकडा असतो. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्यावर, समोर उभे राहून पाहिल्यास, उजवीकडे टोक असलेला बाण असतो. बाण नसल्यास तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असतो. दुबई किंवा अमेरिकेतील मोटारींसाठीचे असे दिवे येथे लावल्यास प्रकाशाची चढती कड थेट समोरच्या चालकाकडे वळते. हा दोष कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही.

वायरिंगचे गणित

अनेक मोटारींमध्ये, विशेषतः जुन्या आणि किफायतशीर मॉडेलमध्ये, हेडलाइटची वीज बॅटरीतून निघून डॅशबोर्डमागे जाते, स्टिअरिंगलगतच्या स्विचमधून फिरते आणि पुन्हा बॉनेटखाली दिव्यांपर्यंत येते. हा वळसा सहज पाच मीटरचा होतो. दोन्ही दिव्यांचा अपर लावल्यावर १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या हिशेबाने १० अँपिअर प्रवाह या मार्गाने वाहतो.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. पाच मीटर वायरमधून १० अँपिअर प्रवाह गेला, की जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात. त्यात स्विचचे झिजलेले संपर्क, गंजलेले कपलर आणि सैल अर्थ यांची भर पडली, की दीड व्होल्ट कमी होणे मुळीच अशक्य नाही.

हॅलोजन बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो फार वेगाने घटतो. दाब पाच टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी आणि दाब १० टक्क्यांनी घटला तर सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. साडेतेरा व्होल्टऐवजी १२ व्होल्ट मिळालेला बल्ब आपला एक तृतीयांश प्रकाश गमावून बसतो. बल्ब तोच, दिवा तोच, पण रस्ता अंधारा!

अशा वेळी बाजारात १००/९० वॅटचा बल्ब पुढे केला जातो. हा बल्ब त्याच खोबणीत बसतो. परंतु दोन्ही दिव्यांचा अपर लावल्यावर प्रवाह १० अँपिअरवरून जवळजवळ १७ अँपिअरवर जातो. मूळचा फ्यूज उडू लागतो. मग तेथे ३० अँपिअरचा फ्यूज बसवला जातो आणि येथेच धोक्याला निमंत्रण मिळते. फ्यूज हा वायरच्या रक्षणासाठी असतो. तो वायरच्या कुवतीपेक्षा मोठा झाला, की फ्यूजऐवजी वायरच जळते. याशिवाय वाढलेल्या उष्णतेने बल्बचा होल्डर काळा पडतो, कपलर वितळतो आणि प्लास्टिकच्या परावर्तकाचा मुलामा करपतो. ६०/५५ वॅटहून अधिक क्षमतेचा एच-४ बल्ब मानकांत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रिलेची जोडणी

यावरील शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेवर चालणारा स्विच असतो. डॅशबोर्डवरील स्विच फक्त रिलेमधील वेटोळ्याला वीज पुरवतो. त्यासाठी अँपिअरचा अल्पसा अंश पुरतो. दिव्यांना लागणारा मोठा प्रवाह मात्र बॅटरीतून रिलेमार्गे थेट जातो. हा मार्ग दोन मीटरचा आणि वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर १० अँपिअरला जेमतेम ०.१५ व्होल्ट खर्ची पडतात. मूळ ६०/५५ वॅटचाच बल्ब ठेवून केवळ एवढा बदल केला, तरी अनेक जुन्या मोटारींत उजेडातील फरक डोळ्यांना जाणवतो.

रिलेच्या टोकांवर आकडे छापलेले असतात. ३० या टोकाला फ्यूजमार्गे बॅटरीचे धन टोक जोडावे. ८७ या टोकापासून वायर दिव्याकडे जाते. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके असतात. पाच टोकांच्या रिलेमध्ये असलेले '८७-ए' हे टोक या कामासाठी वापरायचे नसते. ते मोकळे सोडून त्यावर स्लीव्ह चढवावी. अपर आणि डिपर यांच्यासाठी प्रत्येकी एक, असे दोन रिले लागतात.

तयार वायरिंग संच घेतल्यास मूळ वायर कापावी लागत नाही. दिव्याच्या मागील मूळ कपलर काढून तो संचाच्या जोडावर बसवायचा आणि संचाचे नवे कपलर दोन्ही बल्बना लावायचे, एवढेच काम उरते. दुसऱ्या बाजूचा मूळ कपलर रिकामा राहतो. त्याची टोके एकमेकांना वा बॉडीला लागू नयेत म्हणून तो झाकून, टेप गुंडाळून बांधून ठेवावा. भविष्यात पूर्वस्थिती आणायची झाल्यास ती काही मिनिटांत आणता येते.

काही मोटारींमध्ये, त्यातही जपानी रचनेच्या अनेक मॉडेलमध्ये, स्विच धन बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. अशा मोटारीत ८५ हे टोक सरळ बॉडीला जोडल्यास रिले चालत नाही किंवा भलतेच दिवे लागतात. म्हणून वेटोळ्याचे एक टोक मूळ कपलरमधील समाईक तारेला आणि दुसरे टोक अपर वा डिपरच्या तारेला जोडणे केव्हाही चांगले. ही पद्धत दोन्ही प्रकारच्या मोटारींत चालते. मात्र रिलेच्या आत डायोड असल्यास धन-ऋण टोके उलटसुलट करून चालत नाही. कपलरमधील कोणती तार कशाची, हे रंगावरून न ठरवता मल्टीमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्यावी.

काम करताना पुढील पथ्ये पाळावीत :

- सुरुवातीला बॅटरीचे ऋण टोक काढावे आणि ते सर्वांत शेवटी जोडावे.
- फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. फ्यूजच्या आधीची वायर बॉडीला घासली, तर तिला थांबवणारे काहीच नसते.
- ६०/५५ वॅटच्या दोन बल्बसाठी प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा फ्यूज योग्य ठरतो. डाव्या व उजव्या डिपरसाठी १० अँपिअरचे वेगळे फ्यूज ठेवल्यास एक फ्यूज गेल्याने ऐन रस्त्यात दोन्ही दिवे एकदम बंद होत नाहीत.
- मुख्य पुरवठ्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची आणि प्रत्येक बल्बच्या शाखेसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरावी.
- अर्थची वायरही तितकीच जाड असावी. बॉडीवरील रंग खरवडून, थिंबल बसवून, बोल्टने ती आवळावी आणि वरून ग्रीस लावावे.
- वायर एकमेकींना नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. योग्य थिंबल वापरून चिमट्याने दाबलेला जोड टिकाऊ असतो.
- रिले टोके खाली येतील असा बसवावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वायर फ्लेक्झिबल पाइपमधून न्यावी. ती सायलेन्सरच्या पाइपपासून, रेडिएटरच्या पंख्यापासून आणि धारदार पत्र्यापासून दूर ठेवावी.
- एच-४ बल्बमधील अपर आणि डिपर या दोन्ही तारा एकाच वेळी पेटतील अशी जोडणी करू नये. त्यामुळे बल्ब व होल्डर अतोनात तापतात.

बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लागू देऊ नये. त्वचेवरील तेलकटपणामुळे काचेचा तो भाग जास्त तापतो आणि बल्ब अकाली निकामी होऊ शकतो. हात लागलाच तर काच स्पिरिटने पुसून घ्यावी. एच-४ बल्बची तीन पाती खोबणीत एकाच स्थितीत बसतात. बळजबरीने तिरका बसवलेला बल्ब फोकसचा पार बोजवारा उडवतो. मागचे रबरी टोपण पुन्हा नीट बसवणे आवश्यक असते, अन्यथा पहिल्याच पावसात दिव्यात वाफ धरते.

ज्या मोटारींत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे असते, तेथे मात्र ही जोडणी घरी करू नये. असा संगणक बल्बमधील प्रवाहावर लक्ष ठेवतो. रिले लावल्यास दिवे फडफडतात किंवा बिघाडाचा इशारा येतो. शिवाय वॉरंटीचा कालावधी बाकी असल्यास वायरिंगमधील हस्तक्षेप ती गमावण्यास कारण ठरू शकतो. अशा वेळी अधिकृत सेवा केंद्राचा रस्ता धरणेच श्रेयस्कर.

एचआयडी आणि एलईडीचा मोह

हॅलोजन दिव्यात एचआयडी किंवा एलईडी बल्ब बसवण्याची टूम गेली काही वर्षे जोरात आहे. एच-४ बल्बचा डिपर साधारण १,००० ल्यूमेन प्रकाश देतो, तर एचआयडी दिवा ३,००० ल्यूमेनच्याही पुढे जातो. आकडे आकर्षक आहेत, पण त्यांत फसगत आहे. परावर्तकाचा आकार हॅलोजनच्या त्या इवल्याशा तारेची जागा व लांबी गृहीत धरून आखलेला असतो. प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर जरी सरकला किंवा त्याचा आकार बदलला, तरी कड पुसट होते आणि प्रकाश वर उधळतो. मोटारीच्या मालकाला समोर पांढराशुभ्र लखलखाट दिसतो, तथापि दूरवरचा रस्ता पूर्वीपेक्षा अधिक दिसेलच असे नाही.

युरोपीय नियमांनुसार २,००० ल्यूमेनहून अधिक प्रकाशाच्या डिपरला झोताची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारी यंत्रणा बंधनकारक आहे. बाजारातील एचआयडी संचात यांपैकी काहीच नसते. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. पण तीही चाचणी झालेल्या विशिष्ट मोटारींच्या विशिष्ट दिव्यांपुरतीच आहे. 'कोणत्याही गाडीला चालेल' असा दावा करणाऱ्या संचांना ती लागू होत नाही.

निळसर छटेच्या हॅलोजन बल्बबाबतही गैरसमज आढळतो. काचेवरील निळा थर प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. बल्ब अधिक पांढरा दिसतो, पण त्यामुळे रस्त्यावरील उजेड वाढत नाही.

फोकस कसा लावावा?

बल्ब बदलला, दिवा बदलला किंवा अपघातानंतर पुढच्या भागाची दुरुस्ती झाली, की फोकस तपासणे अनिवार्य समजावे. गॅरेजमध्ये यासाठी भिंगाचे यंत्र असते. ते उपलब्ध नसल्यास सोसायटीतील सपाट वाहनतळ, एक भिंत, मोजपट्टी आणि रंगीत चिकटपट्टी एवढ्या साहित्यावर काम भागते.

पूर्वतयारी म्हणून चारही टायरमध्ये योग्य हवा भरावी. डिकीतील जादा सामान काढावे. चालकाच्या आसनावर कोणी तरी बसावे. डॅशबोर्डवर झोताची उंची बदलणारी कळ असेल, तर ती शून्यावर ठेवावी. जमीन आणि भिंतीचा पायथा एकाच पातळीत असणे महत्त्वाचे. उताराच्या जागी केलेली मोजमापे निरुपयोगी ठरतात.

मोटार भिंतीच्या अगदी जवळ सरळ उभी करावी. दोन्ही दिव्यांचे मध्यबिंदू भिंतीवर नोंदवावेत. त्या प्रत्येकातून एक उभी पट्टी आणि दोहोंना जोडणारी एक आडवी पट्टी चिकटवावी. आता मोटार सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटर अंतरावर येतील अशी उभी करावी. पहिल्या आडव्या पट्टीच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी आडवी पट्टी लावावी. हा एक टक्का उतार झाला. मोटारींच्या डिपरसाठी साधारणपणे एक ते दीड टक्का उतार ठेवला जातो. उत्पादकाने पुस्तिकेत किंवा दिव्यावर वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. जागा कमी असल्यास पाच मीटरवरून मोजावे. तेव्हा दुसरी पट्टी पाच सेंटिमीटर खाली येईल.

डिपर लावून एका दिव्यासमोर पुठ्ठा धरावा. काचेवर कापड टाकून ठेवू नये, उष्णतेने आवरण खराब होऊ शकते. उघड्या दिव्याची कड भिंतीवर दिसेल. दिव्यामागील उंचीचा स्क्रू फिरवून कडेचा सपाट भाग खालच्या पट्टीवर आणावा. त्यानंतर आडव्या दिशेच्या स्क्रूने कडेचा कोपरा, म्हणजे जेथून ती डावीकडे वर चढू लागते तो बिंदू, त्या दिव्याच्या उभ्या पट्टीवर आणावा. किंचित डावीकडे राहिला तर चालेल, उजवीकडे मात्र जाता कामा नये. दुसऱ्या दिव्याबाबत हीच कृती करावी. एच-४ दिव्यात डिपर जुळला की अपर आपोआप जुळतो. अपर लावल्यावर त्याचा सर्वांत प्रखर भाग वरच्या आडव्या पट्टीच्या आसपास पडतो, एवढी खात्री करावी.

या कामात एका अंशाचे मोल किती, ते पाहा. जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवरील दिव्याला एक टक्का उतार दिला, तर कडेवरचा प्रकाश ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. तोच दिवा चुकून एक अंश वर उचलला गेला, तर ६० मीटरवर त्याची कड जमिनीपासून सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर उंचीवर असते. छोट्या मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात!

सामानाचा परिणामही कमी नसतो. दोन चाकांमधील अंतर २ मीटर ४० सेंटिमीटर असलेल्या मोटारीचा मागचा भाग भारामुळे पुढच्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त खाली बसला, तर झोत दोन टक्क्यांनी वर उचलला जातो आणि काळजीपूर्वक लावलेला फोकस निष्फळ ठरतो. डॅशबोर्डवरील कळ याचसाठी दिलेली असते. मागे तिघे बसले असतील आणि डिकी भरलेली असेल, तर ती एक-दोन आकडे पुढे करावी.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार वाहनाच्या दिव्यांनी पुढील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०६ हा समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठी आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला झोत दिपवणार नाही, अशी दिव्याची रचना असावी किंवा चालकाला झोत तसा खाली वळवता यावा, असे तो सांगतो. ही चाचणी घरच्या घरीही करता येते. नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट वा सर्चलाइट लावता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणून नवा दिवा घेताना आपल्या मॉडेलसाठीचा, मूळ प्रकारचा आणि मूळ वॅटचा दिवा निवडणे हाच सुरक्षित मार्ग होय.

उजेडाची मर्यादा

सर्व काही यथायोग्य केले, तरी डिपरची मर्यादा कायम राहते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार वाहन सुरक्षितपणे थांबवण्यासाठी ताशी ५० किलोमीटरला ६० मीटर, ६० किलोमीटरला ८० मीटर, तर ८० किलोमीटरला १२० मीटर अंतर दिसणे आवश्यक मानले जाते. डिपरची कड मात्र ६५ मीटरच्या आसपास रस्त्याला टेकते. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर डिपर लावून ताशी ६० किलोमीटरने जाणारा चालकही, समोर दिवा नसलेली बैलगाडी आली तर, वेळेत थांबेलच याची शाश्वती नाही. रस्ता मोकळा असेल तेव्हा अपर लावावा, समोरून वाहन दिसताच किंवा पुढच्या वाहनाच्या मागे आल्यावर तत्काळ डिपर करावा आणि डिपरवर असताना वेग आवरता घ्यावा, याला पर्याय नाही.

जादा वॅटचा बल्ब ही मर्यादा ओलांडून देत नाही. स्वच्छ काच, पुरेसा दाब, योग्य फोकस आणि आटोक्यातील वेग या चार गोष्टी जुळल्या, तर मूळचा ६०/५५ वॅटचा दिवाही रात्रीचा प्रवास सुखरूप पार पाडतो, आपलाही आणि समोरून येणाऱ्याचाही.